काशीरामची गाडी

आमच्या ह्यांनी आखलेला माथेरानचा कागद हातात घेऊन आमच्या सोसायटीतली झाडून सगळी कुटुंबं माथेरानला जाऊन आली. मी सोडून. मी, कुंदा, त्यांची लग्नाची बायको, पार्ल्यापासून अडीच तासांवरचं माथेरान चौसष्ट वर्षांची होईपर्यंत बघितलं नव्हतं. आणि बघितलं ते असं बघितलं, की अजून भाजी चिरता चिरता मध्येच माझी सुरी थांबते.

आमचे हे, म्हणजे श्यामकांत, विमा कंपनीच्या ऑफिसातून सुपरिंटेंडेंट म्हणून रिटायर झाले. माणूस अबोल, टापटिपीचा. रुमालाची घडी मोडलेली चालायची नाही. पण सोसायटीत त्यांची ओळख काय, तर माथेरानचा कागद. कोणाकडे पाहुणे आले, कोणाच्या पोरांना सुट्टी लागली, की लगेच आमची बेल. "श्यामकांतराव, जरा माथेरानचं आखून द्या ना." मग हे चष्मा लावून बसणार. कितीला निघायचं, घाटात कुठे थांबायचं, कुठल्या पॉइंटवर ऊन कधी येतं, कुठल्या दुकानातली चिक्की ताजी असते, माकडांसमोर पिशवी उघडायची नाही. आणि हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहून काढायचं काम माझ्या गळ्यात, कारण ह्यांचं अक्षर म्हणजे मुंगीचे पाय. चाळीस वर्षांत मी तो कागद किती वेळा लिहिला असेल, देवालाच ठाऊक. शार्लोट तलाव, लुईझा, पॅनोरमा, मला सगळे पॉइंट पाठ. बघितलेला एकही नाही.

त्या कागदात दोन वाक्यं अशी होती की ती बदलायची नाहीत. पहिलं वाक्य: 'दस्तुरीनाक्यापुढे मोटार जात नाही, वयस्कर मंडळींनी हातरिक्षा करावी, आणि ती काशीरामचीच करावी.' दुसरं: 'साडेबारा ते दोन कोणी गाडी मागू नये, गाडीवाल्यांना जेवू द्यावं.' समोरच्या विमलाताई तर ह्यांची टिंगल करायच्या, "सहलीला आम्ही निघालोय आणि काळजी त्या गाडीवाल्याच्या जेवणाची!"

मी एकदा सहज म्हटलं होतं, "काशीराम? हे तर तुमच्या वडिलांचंच नाव की हो." हे कागदावरून मान वर न करता म्हणाले, "डोंगरात घरटी एक काशीराम असतो." मी पुढचं वाक्य लिहायला घेतलं. पुढे कधीतरी काशीरामच्या जागी धाकूचं नाव आलं. मी विचारलं, काशीरामचं काय झालं? म्हणाले, "वय झालं त्याचं." मी 'धाकू' लिहिलं. एवढीच माझी चौकशी.

आता आमचं लग्न कसं ठरलं ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. चौऱ्याऐंशी साल. हे माझ्या वडिलांच्या ऑफिसात कारकून होते. पोऱ्या म्हणून लागले, बाहेरून परीक्षा दिल्या, वर चढले. माझे वडील हेडक्लार्क, बोलायला फटकळ. ह्यांना घरी चहाला बोलावलं आणि कप पुढे करता करता विचारलं, "वडील काय करतात तुमचे?"

"वडील नाहीत," हे म्हणाले. "वारले. आईही लहानपणीच गेली."

"भाऊ-बहिणी?"

"कोणी नाही."

"गाव?"

"नेरळच्या बाजूला. आता तिथे काही राहिलं नाही."

वडील "अरेरे" म्हणाले. आई मला आत ओढून पुटपुटली, "बरं झालं गं बाई, सासूसासऱ्यांचा त्रास नाही." मीही खूश. खोटं कशाला बोलू?

लग्नानंतरच्या पहिल्याच पितृपक्षात मी ह्यांना म्हटलं, सासऱ्यांचं पान वाढायला हवं. तिथी कोणती? ह्यांना तिथी माहीत नव्हती. मग आमच्या गुरुजींनी सांगितलं, ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं सर्वपित्री अमावास्येला करतात. झालं. दरवर्षी सर्वपित्रीला मी पहाटे उठायची. वडे, खीर, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं सोवळ्यात. पान घेऊन आम्ही दोघं गच्चीवर जायचो आणि कावळ्याची वाट बघत उभे राहायचो.

आणि कावळा काही शिवायचा नाही! पार्ल्यात कावळ्यांना काय तोटा? शेजारच्या गच्चीवर झुंबड, आमच्या पानाकडे ढुंकून बघायचे नाहीत. पहिल्या वर्षी मी म्हटलं, वाऱ्यामुळे असेल. दुसऱ्या वर्षी रडकुंडीला आले. लोक म्हणतात ना, इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मग मी हात जोडून बोलायची, "मामंजी, तुमच्या मुलाला मी नीट सांभाळीन. तुमच्या नातवंडांवर चांगले संस्कार करीन. आणखी काय हवं ते सांगा, पण जेवा हो." हे शेजारी उभे, कपाळावर घाम. मला वाटायचं, बापाच्या आठवणीने गलबलून आलंय बिचाऱ्याला. शेवटी मी दर्भाचा कावळा करून पानाला लावायची आणि खाली यायची. एक वर्ष नाही, दोन नाही, अकरा वर्षं.

पंच्याण्णवच्या जानेवारीत हे ऑफिसच्या कामाला हैदराबादला गेले. एरवी महिन्याकाठी एक दिवसाची टूर असायची, ही तेरा दिवसांची. परत आले ते डोक्याचा गोटा, मिशी सफाचट! मी दारातच किंचाळले. म्हणाले, साहेबांबरोबर तिरुपतीला गेलो होतो. आणि मी काय केलं असेल? भांडले. एवढं तिरुपतीला गेलात आणि घरच्यांना एक लाडू आणवला नाही? दोन दिवस मी त्यांना त्या लाडवावरून घालूनपाडून बोलत होते. त्या वर्षी म्हणाले, यंदा पान नको. पुढल्या वर्षी म्हणाले, "वडिलांची तिथी कळली. पंचमी." मी पंचमीला पान वाढलं, गच्चीवर ठेवलं, आणि हात काढायच्या आत कावळा वडा घेऊन गेला. मी आनंदाने टाळ्या पिटल्या. ह्यांच्याकडे बघितलं तर हे टाकीला टेकून ढसाढसा रडत होते.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुझे डोळे कुठे होते? मीही तेच म्हणते.

असो. गेल्या डिसेंबरात डॉक्टरांनी सांगितलं, उजवा गुडघा बदलायला लागेल, जानेवारीत ऑपरेशन. मी घरी येऊन जाहीर केलं, "गुडघा कापायच्या आधी मला माथेरान बघायचंय."

हे म्हणाले, "महाबळेश्वरला जाऊ."

"महाबळेश्वर तीनदा झालं. कुलू झालं, कन्याकुमारी झाली, बद्रीनाथ झालं. माथेरान नाही झालं. अख्ख्या सोसायटीला पाठवता, मला का नाही हो?"

"तिथे चढ आहे. तुला झेपायचं नाही."

"कागदात लिहिलंय ना, वयस्कर मंडळींनी धाकूची गाडी करावी. झाले मी वयस्कर."

"माणसाने ओढायच्या गाडीत तू बसणार?"

"तुम्ही लोकांच्या आज्या बसवल्यात की चाळीस वर्षं! मी काय आभाळातून पडलेय?"

ह्यांनी सगळे उपाय करून बघितले. थंडी आहे म्हणाले, गर्दी आहे म्हणाले, माकडं चावतात म्हणाले. शेवटी आमची गंधाली, माझी लेक, मुलुंडला असते, तिने फोनवर सांगून टाकलं, "आई, मी गाडी घेऊन येते शनिवारी. बाबा आले तर आले. तुझ्याकडे कागद आहे ना, बस झालं." शुक्रवारी रात्रीपर्यंत हे नाहीच म्हणत होते. शनिवारी सकाळी सहाला बघते तर बूट घालून सोफ्यावर बसलेले. तोंड असं, जणू ऑपरेशन त्यांचंच आहे.

पनवेल गेलं, नेरळ गेलं, घाट सुरू झाला. एरवी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघणारा माणूस, एकदाही मनगटाकडे बघेना. गंधाली मला आरशातून खुणावत होती, काय झालंय बाबांना? मी खांदे उडवले.

दस्तुरीला उतरलो तर हा गोंधळ. छोट्या रेल्वेच्या शटलची तिकिटं संपलेली, बॅटरीच्या रिक्षांना ही भलीमोठी रांग, घोडेवाले अंगावर येतायत. मी पर्समधून कागद काढला, माझ्याच अक्षरातला, आणि खणखणीत आवाजात हाक मारली, "धाकू कोण आहे इथे? धाकू!"

"हळू गं," हे म्हणाले.

गर्दीतून एक साठीचा माणूस पुढे आला. काटक, काळासावळा, गळ्यात टॉवेल. आधी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग गंधालीकडे जरा जास्तच वेळ. आणि एकदम खाली वाकून माझ्या दोन्ही पायांना हात लावले. मी जागच्या जागी उडाले.

"अहो, हे काय करताय!"

"या वहिनी," तो म्हणाला. "सांभाळून बसा. गुडघा दुखंल."

गुडघ्याचं ह्याला कोणी सांगितलं? पण मी लंगडत होते, दिसलं असेल, असं मनाशी म्हणत गाडीत बसले. मला लाज वाटत होती. पुढे तो माणूस दांडे धरून, मागून त्याचा एक जोडीदार ढकलतोय, आणि मी मध्ये महाराणीसारखी. गंधाली फोटो काढत मागे. हे माझ्या शेजारून, गाडीच्या चाकाशी चालत होते. लाल माती, दोन्ही बाजूंनी झाडं, छान थंड सावली. मला म्हणावंसं वाटत होतं, अहो, किती सुंदर आहे! पण ह्यांचं लक्ष रस्त्यावर होतं. रस्त्यावर म्हणजे, खाली, एकेका दगडावर.

चढ लागला. एकदम हे म्हणाले, "डावा दगड सुटलाय. उजवीकडून घे. टाच रोव."

"व्हय," धाकू म्हणाला आणि गाडी उजवीकडून घेतली.

मी चमकून बघितलं. विमा कंपनीच्या माणसाला टाच रोवायचं काय कळतं?

थोडं पुढे गेलो आणि धाकूला खोकल्याची उबळ आली. गाडी थांबली. तो दांड्यावर वाकून खोकतोय, थांबायचं नाव नाही. ह्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, माझ्या मांडीवर ठेवलं, आणि सरळ जाऊन दांड्यांच्या मध्ये उभे राहिले.

"सोड."

"राहू दे भाऊ, लोक बघत्यात."

"सोड म्हणतो ना."

आणि माझ्या नवऱ्याने गाडी उचलली. ज्या माणसाने मला जन्मात गॅसचा सिलिंडर सरकवून दिला नाही, त्याने पाठ वाकवली, दांडे कमरेशी घेतले आणि ओढायला लागला. पाय कुठे टाकायचा, भार कुठे घ्यायचा, सगळं अंगात मुरलेलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस! गाडी वीस-पंचवीस पावलं गेल्यावर मी ओरडले, "थांबवा! थांबवा आधी! मला खाली उतरवा!"

गाडी थांबली. मी उतरले, गुडघा ठणकत होता, त्याची शुद्ध कोणाला? मी धाकूला विचारलं, "भाऊ कोणाला म्हणालात तुम्ही?"

धाकूने ह्यांच्याकडे बघितलं. हे एका दगडावर बसले, रुमालाने तोंड पुसलं, आणि म्हणाले, "तू सांग धाकू. माझ्याच्याने नाही होणार."

"वहिनी," धाकू म्हणाला, "मी ह्यांचा धाकटा भाऊ. काशीराम गाडीवाल्याचा पोरगा. भाऊ सोळा वर्षांचा असताना इथंच गाडी ओढायचा, आबांच्या जोडीला. मग एका पाहुण्यांनी त्याला मुंबईला नेलं."

मला आधी कळलंच नाही. म्हणजे शब्द कळले, अर्थ डोक्यात शिरेना. "काशीराम म्हणजे... माझे सासरे?"

"व्हय."

"पण ते तर आमच्या लग्नाच्या आधीच..."

"नाय वहिनी. पंच्याण्णवला गेले. जानेवारीत."

मी रस्त्यात उभ्या उभ्या बोटं मोजायला लागले. चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी, शहाऐंशी. अकरा. अकरा सर्वपित्र्या. मी एका जिवंत माणसाचं पान वाढत होते! तो इथे लोकांना डोंगरावर ओढत होता आणि मी पार्ल्याच्या गच्चीवर हात जोडून त्याला जेवा म्हणत होते. आणि कावळा शिवत नाही म्हणून स्वतःला दोष देत होते. आणि तिरुपती! देवा रे, बापाचं तेरावं करून आलेल्या माणसाशी मी लाडवावरून भांडले होते.

गंधाली पुढे आली. "बाबा," ती म्हणाली, "म्हणजे माझ्या बारशाच्या वेळी आजोबा जिवंत होते?"

ह्यांनी रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"श्यामकांत," मी म्हटलं. चाळीस वर्षांत मी त्यांना कधी नावाने हाक मारली नव्हती. "श्यामकांत, तू माणूस आहेस का रे?"

घोडे जात होते, लोक वळून बघत होते. बघू देत. हे हळूहळू बोलायला लागले. म्हणाले, तुझ्या वडिलांनी विचारलं, वडील काय करतात, आणि हातरिक्षा ओढतात हे माझ्या तोंडून निघेना. वारले, असं निघून गेलं. दुसऱ्या दिवशी खरं सांगणार होतो. दुसऱ्या दिवशी तुझ्या वडिलांनी साखरपुड्याची तारीखच हातात दिली. मग लग्न झालं. मग तू पान वाढलंस. "पान वाढल्यावर कसं सांगणार होतो, कुंदा?"

"आणि ते काय म्हणाले? बाप?"

"वर येऊन पाय धरले त्यांचे. सगळं सांगितलं. मग म्हणाले, बोललास ना, आता निभाव. मुलगी बरी आहे का?"

मी त्यांना तिथेच दोन ठेवून देणार होते. खरंच, हात उचलला गेला होता. पण एक गोष्ट मनात आली आणि हात खाली आला. चौऱ्याऐंशीत ह्यांनी खरं सांगितलं असतं, तर मी काय केलं असतं? पार्ल्याची मुलगी, हेडक्लार्कची लेक, बी.ए. झालेली. मी नाहीच म्हटलं असतं. दुसऱ्यांदा विचारसुद्धा केला नसता. हे त्या माणसाला तेव्हाच माहीत होतं, आणि मला चौसष्टाव्या वर्षी, लाल मातीत उभं राहून कळलं. ह्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

साडेबारा वाजले होते. धाकूने टॉवेल झटकला. "वहिनी, घरी चला. जेवायची वेळ झाली."

त्यांचं घर बाजारामागे, उतारावर, दोन खोल्यांचं. धाकूची बायको प्रेमा दारात भाकरतुकडा घेऊन उभी. म्हणजे हे येणार हे त्यांना ठाऊक होतं! शुक्रवारी ह्यांनीच फोन केला होता. भिंतीवर फोटो होता. मी सासऱ्यांचा चेहरा पहिल्यांदा बघितला. आमच्या घरी फोटो नव्हता, ह्यांनी सांगितलं होतं, कधी काढलाच नाही. हुबेहूब हेच. तेच नाक, तसेच बाहेर आलेले कान. आणि गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, तो चेहरा मी आधी बघितला होता. विमलाताईंच्या माथेरानच्या अल्बममध्ये. त्या गाडीत ऐटीत बसलेल्या, आणि दांडे धरून उभा असलेला म्हातारा कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. मी तेव्हा म्हटलं होतं, विमलाताई, साडी छान आलीय हो फोटोत.

प्रेमाने नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं वाढलं. मी धाकूला विचारलं, "त्यांना माहीत होतं? मी पान वाढते ते?"

"व्हय तर. भाऊ महिन्याला यायचा ना, सगळं सांगायचा. तुम्ही वडे करता, खीर करता. आबांना आधी हसू यायचं. म्हणायचे, जिवंतपणी पान मिळालेला मुलखात मी एकलाच." धाकूही जरासा हसला, मग थांबला. "पण सर्वपित्रीला ते गाडी काढायचे नाहीत. आंघोळ करायचे, धुतलेला सदरा घालायचे आणि ओट्यावर बसायचे. आम्ही ताट पुढं केलं की नको म्हणायचे. म्हणायचे, माझी सून तिकडं वाढून बसली असंल. इथं जेवलो तर तिचं वाढलेलं वाया जाईल. दिवस मावळेपर्यंत नुसतं पाणी."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. ते जाईपर्यंत."

मी हातातला घास ताटात ठेवला. तिकडे माझ्या पानाला कावळा शिवत नव्हता. इकडे ते ताटाला हात लावत नव्हते. अकरा सर्वपित्र्या तो माणूस ना तिथे जेवला, ना इथे. कोणासाठी, तर ज्या सुनेने त्याला कधी बघितलंसुद्धा नाही तिच्या वड्यांचा मान राहावा म्हणून. मी पदर तोंडात धरून मोठ्याने रडले. प्रेमा माझी पाठ चोळत राहिली. हे उठून बाहेर गेले आणि त्या ओट्यावर बसले.

पॉइंट एकही बघितला नाही. तसेच परतलो.

त्यानंतर मी ह्यांच्याशी बोलणं टाकलं. चहा, जेवण, गोळ्या, सगळं वेळेवर, पण शब्द नाही. जानेवारीत ऑपरेशन झालं, तरी नाही. हॉस्पिटलातून घरी आले त्या दिवशी धाकू आणि प्रेमा आले, नाचणीचं पीठ आणि करवंदाचं लोणचं घेऊन. लिफ्टपाशी नेमक्या विमलाताई. धाकूला बघून म्हणाल्या, "अगंबाई, हा तर माथेरानचा गाडीवाला ना? इथे कसा?"

मी वॉकर धरून उभी होते. म्हटलं, "ते माझे दीर आहेत विमलाताई. आणि तुम्हाला ओढून नेणारा तो काशीराम, तो माझा सासरा." विमलाताईंचा आ वासला तो वासलेलाच. हे माझ्यामागे पिशवी घेऊन उभे होते, पिशवी हातातून खाली पडली. वर आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "पाणी द्या भावजींना." दीड महिन्यातलं माझं पहिलं वाक्य.

आता परवा सर्वपित्री आहे. यंदा पंचमीला आम्ही पान वाढलं नाही, मीच नको म्हटलं. कागद मी आखलाय. सकाळी सहाला निघायचं, वडे-खीर घरून करून न्यायची, दस्तुरीहून शटल, कारण आता कोणी कोणाला ओढायचं नाही. साडेबाराला आबांचं पान, त्यांच्या ओट्यावर. मी वाढणार.

काल ह्यांना कागद वाचायला दिला. दोनदा वाचला. नेहमीसारखी एकही दुरुस्ती केली नाही. मग चष्मा काढून, अगदी बारीक आवाजात म्हणाले, "कुंदा, तिथे कावळा नाही शिवला तर?"

"नाही शिवला तर बसून राहायचं," मी म्हटलं. "माझा गुडघा नवा आहे, मला काही होत नाही. दिवस मावळेपर्यंत त्या ओट्यावर बसायचं, नुसत्या पाण्यावर. त्यांनी असे अकरा दिवस काढले. तुम्ही एक काढा."